टिंब गेलं कुठे, स्पेस आली कुठून?

मराठीत 'घरासाठी' हा एक शब्द. हिंदीत तेच 'घर के लिए', म्हणजे तीन शब्द आणि त्यांच्या मधल्या दोन मोकळ्या जागा. एखाद्या यंत्राला मराठीतून हिंदीत भाषांतर करायला बसवलंत, तर या दोन स्पेस त्यानं आणायच्या कुठून? मूळ मजकुरात तर त्या नव्हत्याच! उलट्या दिशेनं निघालात, तर हिंदीतल्या दोन स्पेस हातात उरतात आणि त्या टाकायच्या कुठे, हा नवा प्रश्न. 'घरातल्यांसाठीसुद्धा' हे आपण एका दमात लिहून टाकतो. हिंदीवाल्यांना त्यासाठी 'घरवालों के लिए भी' असे चार शब्द लागतात.

आजची भाषांतरयंत्रं ढिगांनी वाक्यं वाचून अंदाज बांधतात. त्यांच्या आधीच्या पिढीतली, आणि काही भाषांसाठी अजूनही राबणारी, यंत्रं नियमांवर चालतात. शब्दकोश माणसानं लिहिलेला, व्याकरणाचे नियम माणसानं लिहिलेले. त्यामुळे या स्वल्पविरामाचं काय करायचं, त्या स्पेसचं काय करायचं, हेही कुणीतरी डोकं खाजवून ठरवलेलं असतं. चूक झाली की कुठल्या नियमानं घोळ घातला, ते बोट ठेवून दाखवता येतं. या क्षेत्रात कौतुक होतं ते क्रियापदांचं आणि विभक्तींचं. पण माझं मत विचाराल, तर खरी हमाली या रिकाम्या जागांचीच आहे.

आधी हिंदीच संपवू. हिंदीचा नियम असा, की नामापासून विभक्तीचा प्रत्यय तोडून लिहायचा आणि सर्वनामाला मात्र जोडून. म्हणून 'राम ने', पण 'उसने'. सर्वनामापुढे दोन प्रत्यय आले, तर पहिला जोडायचा आणि दुसरा तोडायचा: 'उसके लिए', 'इनमें से'. मराठीत असला दुजाभाव नाही. रामाने, त्याने, त्याच्यासाठी, त्यांच्यापैकी, सगळं जोडून. म्हणजे मराठीतून हिंदीत जाणाऱ्या यंत्राला स्पेस द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी आधी शब्दाची जात ओळखावी लागते. साध्या रिकाम्या जागेसाठी अख्खं व्याकरण!

भारतीय भाषांसाठी 'संपर्क' नावाचा प्रकल्प झाला. हैदराबादच्या आयआयआयटीच्या पुढाकारानं भाषांच्या नऊ जोड्या घेतल्या होत्या आणि त्यात मराठी-हिंदीही होती. तिथे मजकूर आत शिरला की प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर जातो आणि विरामचिन्हालाही स्वतःची ओळ मिळते. स्पेस नावाची गोष्टच उरत नाही. काम झालं की ओळी पुन्हा एकापुढे एक जोडायच्या. आता गंमत बघा. 'गेला' एका ओळीवर आणि टिंब दुसऱ्या ओळीवर असेल, तर जोडताना 'गेला' आणि टिंब यांच्यात स्पेस येऊ नये, पण 'राम' आणि 'गेला' यांच्यात यावी, हे यंत्राला वेगळं सांगावं लागतं. अवतरणचिन्ह तर याहून खट्याळ. उघडणारं असेल तर स्पेस त्याच्या आधी, मिटणारं असेल तर नंतर. आणि साध्या कीबोर्डवर ही दोन्ही चिन्हं एकसारखीच दिसतात.

बंद ट्रंकांचा प्रवास

स्पेसचा सगळ्यात तपशीलवार विचार कुणी केला असेल, तर तो 'अपर्टियम'नं. स्पेनमधल्या आलिकांते विद्यापीठात जन्मलेली, २००५ पासून सर्वांना खुली असलेली ही नियमाधारित यंत्रणा. सुरुवात झाली ती स्पॅनिश आणि कातालान या सख्ख्या शेजारणींपासून. कुणालाही आपल्या भाषेचा शब्दकोश आणि नियम लिहून तिला जोडता येतात, त्यामुळे पुढे ब्रेतॉनसारख्या छोट्या भाषाही आल्या.

आता प्रश्न असा, की वेबपानावर नुसते शब्द थोडेच असतात? मध्येच अक्षर ठळक करण्याची खूण असते, दुवा असतो, चित्र असतं. भाषांतर करणाऱ्या भागाला यातलं काहीच कळत नाही आणि कळायची गरजही नाही. मग अपर्टियम काय करतं? शब्दांमध्ये येणारा हा सगळा पसारा चौकटी कंसात टाकतं आणि पुढच्या सगळ्या टप्प्यांना सांगतं, 'ही एक स्पेस आहे.' हिचं नाव सुपरब्लँक. बिऱ्हाड हलवताना ट्रंकेला कुलूप लावतात, टेम्पोवाला ती न उघडता नव्या घरी उतरवतो, तसंच. पसारा फारच मोठा असेल, तर तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवून कंसात फक्त त्या फाइलचा पत्ता लिहायचा. ही शक्कल मला फार आवडते. अख्खं चित्र, त्याच्या सगळ्या सूचनांसकट, आणि दर्जा काय तर रिकाम्या जागेचा!

पण शब्दांनी जागा बदलली की या ट्रंका घोळ घालतात. स्पॅनिशमध्ये विशेषण बहुधा नामाच्या मागून येतं, म्हणजे इंग्रजीतल्या 'लाल घर'चं तिथे 'घर लाल' होतं. मूळ मजकुरात फक्त 'लाल' ठळक अक्षरात असेल, तर? शब्दांची अदलाबदल झाली, पण ठळकपणाच्या ट्रंका होत्या तिथेच राहिल्या. आता 'घर' ठळक, आणि 'लाल' बिचारं साधं. शब्दावर दुवा असेल, तर तोही भलत्याच शब्दाला चिकटणार. २०२० च्या सुमारास अपर्टियमच्या लोकांनी यावर उपाय काढला. रिकाम्या जागांचे दोन प्रकार केले. काही जागच्या जागी बसणाऱ्या, आणि काही शब्दाच्या पदराला गाठ मारून त्याच्याबरोबर हिंडणाऱ्या. ठळकपणा, दुवा वगैरे मंडळी दुसऱ्या गटात गेली.

आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकनं 'मंत्र' तयार केलं. इंग्रजी सरकारी कागद हिंदीत आणणारं हे नियमाधारित यंत्र राज्यसभेच्या कामकाजाच्या कागदपत्रांसाठीही घडवलं गेलं. मूळ कागदाची मांडणी भाषांतरातही जशीच्या तशी राहावी, ही त्याची एक खासियत. सरकारी आदेशातली कलमं-उपकलमं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही खासियत किती मोलाची ते सांगायला नको.

डॉलरला पहारा

अपर्टियमच्या पोटात मजकूर एका साखळीतून वाहतो. एका प्रोग्रॅमनं काम करून पुढच्याच्या हातात द्यायचं. या वाहत्या मजकुरात प्रत्येक शब्दाची सुरुवात ^ या टोपीनं आणि शेवट $ या डॉलरनं होतो. मग कुणी किमतीत खराखुरा डॉलर लिहिला तर? शब्द तिथेच संपला असं यंत्राला वाटेल. म्हणून आत शिरतानाच त्याच्यापुढे एक उलटी तिरकी रेघ उभी केली जाते, म्हणजे 'हा डॉलर आपल्यातला नव्हे, परका आहे.' चौकटी कंसांनाही हाच पहारा.

दुसरी लबाडी याहून गोड आहे. मथळ्याच्या शेवटी पूर्णविराम नसतो. पण वाक्य कुठे संपलं ते कळल्याशिवाय यंत्राला शब्दांच्या जाती नीट लावता येत नाहीत. मग मजकुराच्या टोकाला एक खोटं टिंब ठेवलं जातं आणि त्याच्यामागे रिकामा चौकटी कंस. सगळे प्रोग्रॅम त्या टिंबाला खरं समजून काम उरकतात. शेवटचा प्रोग्रॅम तो रिकामा कंस पाहून ओळखतो, की हे टिंब आपलंच, आणि पुसून टाकतो. वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

कधी कधी स्पेस पुसायचीही असते. स्पॅनिशमध्ये 'दे' आणि 'एल' शेजारी आले की त्यांचं 'देल' होतं. कातालानमध्ये 'एल' हे उपपद स्वरापुढे आकसतं: 'एल ओमे'चं 'ल'ओमे'. पुढचा शब्द कुठल्या स्वरानं सुरू होणार, हे भाषांतर पूर्ण होईपर्यंत माहीत नसतं. म्हणून असा जोडखोर शब्द बाहेर पडताना त्याच्या डोक्यावर ~ ही नागमोडी खूण बसवतात. साखळीतला शेवटून दुसरा प्रोग्रॅम एरवी डुलक्या काढत मजकूर पुढे ढकलतो. ही खूण दिसली की मात्र जागा होतो, पुढचा शब्द बघतो आणि स्पेस खाऊन टाकतो.

उलटं प्रश्नचिन्ह

स्पॅनिशमध्ये प्रश्नाच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह लागतं, ¿ असं. स्पॅनिश अकादमीनं १७५४ च्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात ते सांगितलं. कातालान भाषेच्या संस्थेनं १९९३ मध्ये उलट सल्ला दिला: शेवटचं चिन्ह पुरे. म्हणजे स्पॅनिशमधून कातालानमध्ये जाताना काम सोपं, उलटं चिन्ह उडवा आणि मोकळे व्हा. परतीच्या वाटेवर मात्र घाम फुटतो, कारण ते चिन्ह वाक्याच्या सुरुवातीलाच येतं असं नाही, प्रश्न जिथे सुरू होतो तिथे येतं. 'तू आलास तर, ¿आपण काय करायचं?' अशी त्यांची रीत. प्रश्न नेमका कुठून सुरू झाला हे ओळखायचं म्हणजे वाक्य समजून घेणं आलं.

हे नुसतं पंडिती कोडं नाही बरं का. बार्सिलोनाचं 'एल पेरिओदिको' हे दैनिक १९९७ पासून स्पॅनिश आणि कातालान अशा दोन्ही भाषांत निघू लागलं, आणि रोजचा एवढा मजकूर वेळेत पालटायला यंत्राचीच मदत लागते.

कातालानची आणखी एक खोडी. दोन 'ल'च्या मध्ये उंचावर एक टिंब येतं: 'कोल·लेजी', म्हणजे शाळा. घाईत लोक तिथे साधा पूर्णविराम ठोकतात. यंत्राला वाटतं, 'कोल' या शब्दाशी वाक्य संपलं!

ना. सी. फडके आणि 'आला ना.'

आता आपल्या टिंबाकडे. 'पु. ल. देशपांडे' या नावात दोन टिंबं आहेत आणि एकही वाक्य संपलेलं नाही. इंग्रजी यंत्रं इथे एक सोपा नियम लावतात: टिंबाआधी एकच अक्षर असेल तर ते आद्याक्षर, वाक्याचा शेवट नव्हे. शिवाय नवं वाक्य मोठ्या लिपीतल्या अक्षरानं सुरू होतं, तोही एक आधार. देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाही, त्यामुळे दुसरा आधार पहिल्याच फटक्यात गेला.

आणि पहिला? 'आला ना.' हे मराठीतलं ठणठणीत वाक्य आहे. 'ना. सी. फडके' हे नाव आहे. 'आलो मी.' हे वाक्य, आणि 'पाच कि. मी.' हे अंतर. 'का', 'हो', 'तो', 'ती', 'ही', 'मी', 'ना' हे एकेका अक्षराचे शब्द मराठी वाक्याच्या शेवटी हक्कानं येऊन बसतात. त्यात मंत्र्याच्या नावामागे लागणारं 'ना.' आहे, 'गो. नी.' आहेत, पत्त्यातले 'मु. पो.', 'ता.' आणि 'जि.' आहेत. मराठीसाठी वाक्यं तोडणारा प्रोग्रॅम लिहायला बसलेल्या माणसाला शेवटी याद्याच करत बसावं लागतं. आमच्या साहित्यिकांनी आद्याक्षरांचा एवढा सोस धरला नसता, तर त्याची यादी निम्म्यावर आली असती!

हिंदीला हा त्रास फार कमी. तिथे वाक्य दंडानं संपतं आणि आद्याक्षरापुढे टिंब येतं किंवा देवनागरीचं खास छोटं वर्तुळ. दोन कामांना दोन चिन्हं. काही हिंदी नियतकालिकांनी मात्र दंड सोडून टिंब धरलं आणि हा आयता फायदा घालवला. दंडाआधी स्पेस द्यायची की नाही, यावरही हिंदी लिहिणाऱ्यांचं एकमत नाही. काही देतात, काही देत नाहीत, आणि कीबोर्डवर दंड सापडला नाही की उभी रेघच ठोकून देणारे वेगळेच.

आपणही एकेकाळी दंडवालेच. अभंग, ओव्या, आरत्या यांत एक दंड, दोन दंड अजून आहेतच. गद्यात इंग्रजी पद्धतीची विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातले हेच ते कँडी. त्याआधीची मोडी पाहून तर यंत्रानं हातच जोडले असते. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं ओवत जायची. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हांचा पत्ता नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद वाचणारे अभ्यासक शब्द तोडण्याचं काम अजून डोक्यानंच करतात. उत्तरेतल्या महाजनी लिपीबद्दल तर एक किस्सा घरोघरी सांगतात. तिच्यात स्वरांच्या खुणा गाळत आणि शब्दही तोडत नसत. मुनीमानं कळवलं 'काका अजमेर गए', आणि घरच्यांनी वाचलं 'काका आज मर गए'. रडारड सुरू.

दु:खाचे दोन तुकडे

वरचा शब्द नीट पाहा. 'दुःख' या शब्दात विसर्ग हवा. पण विसर्गाची कळ कुठे शोधत बसायची? बरेच लोक सरळ अपूर्णविरामाची दोन टिंबं देऊन मोकळे होतात: 'दु:ख'. डोळ्यांना फरक कळत नाही. यंत्राच्या लेखी मात्र विसर्ग हा अक्षराचा भाग आणि अपूर्णविराम हे विरामचिन्ह. म्हणून ते 'दु' वेगळा करतं, 'ख' वेगळा करतं, दोन्ही कोशात सापडत नाहीत, आणि अपर्टियमसारखी यंत्रणा असेल तर अनोळखी शब्दांपुढे * असा तारा लावून मोकळी होते. म्हणून मराठीसाठी नियम लिहिणाऱ्यानं आधी ही दोन टिंबं कुठल्या अक्षरांमध्ये आली आहेत ते तपासायला हवं. 'अंत:करण', 'नि:शब्द', 'प्रात:काल', सगळीकडे तोच खेळ.

याहून अजब म्हणजे न दिसणारं चिन्ह. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजींना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. दुसऱ्या शब्दातला तो चंद्रकोरीसारखा 'र' संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एक प्रकार खास 'ऱ' वापरून. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. कोशात एकच प्रकार असेल, तर दुसरा अनोळखी ठरणार. आणि मजकूर 'स्वच्छ' करणाऱ्या एखाद्या अतिउत्साही प्रोग्रॅमनं ते अदृश्य चिन्ह कचरा समजून उडवलं, तर लग्नातल्या आचाऱ्याला क्षणात आचार्यपद मिळतं. दक्षिणाही बहुधा वाढत असावी.

जगाची धावती फेरी

ग्रीक भाषेतलं प्रश्नचिन्ह आपल्या अर्धविरामासारखं दिसतं, ; असं. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा आहे, पण मजकूर प्रमाणित करायला दिला की त्याचा साधा अर्धविराम होऊन बाहेर येतो. म्हणजे ग्रीकमधून भाषांतर करणाऱ्या यंत्रानं अर्धविराम दिसला की तो प्रश्न समजायचा. प्रोग्रॅमर मंडळी या जुळ्यांचा उपयोग मित्राची खोड काढायला करतात. त्याच्या कोडमधला एक अर्धविराम काढून तिथे ग्रीक प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि गंमत बघत बसायची.

आर्मेनियन प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी जातच नाही. ज्या शब्दाबद्दल प्रश्न, त्याच्याच स्वराच्या डोक्यावर बसतं. 'चिन्ह म्हणजे शब्दाबाहेरची वस्तू' या गृहीतकाचा तिथे निकाल लागतो.

फिनिश लोक संक्षेपाला विभक्ती लावताना मध्ये अपूर्णविराम देतात. आपण 'युनोत' म्हणतो, ते 'संक्षेप, दोन टिंबं, प्रत्यय' असं लिहितात. तुर्कीत शहराच्या किंवा माणसाच्या नावापुढे प्रत्यय लावताना वर स्वल्पविरामासारखी खूण येते: 'अंकारा'दा', म्हणजे अंकाऱ्यात. नाव इथे संपलं आणि प्रत्यय इथे सुरू झाला, हे यंत्राला फुकट कळतं. आमच्या पुण्याचं बघा: 'पुण्यात'. जोड दिसत नाही ती नाहीच, वर मूळ नावही बदललेलं.

फ्रेंचमध्ये प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह आणि अर्धविराम यांच्याआधी बारीकशी स्पेस देतात. तीही अशी, की ओळ तिथे तुटता कामा नये, नाहीतर प्रश्नचिन्ह एकटंच पुढच्या ओळीवर जाऊन पडेल. कॅनडातले फ्रेंच भाषक ही स्पेस बहुधा देत नाहीत. म्हणजे भाषा एक आणि नियम दोन. थाई लिपीत शब्दांमध्ये स्पेसच नसते. ती येते वाक्यांश किंवा वाक्य संपल्यावर, आणि पूर्णविराम नसल्यामुळे नेमकं काय संपलं ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. जपानी स्पेस क्वचितच वापरतात, पण वापरली तर पुऱ्या एका अक्षराएवढी रुंद.

असे रिकाम्या जागेचे प्रकार तरी किती? युनिकोडच्या यादीत 'स्पेस' या वर्गात १७ चिन्हं आहेत: साधी, न तुटणारी, अरुंद, केसाएवढी आणि अशाच कितीतरी. त्यातली एक जुन्या आयरिश ओगम लिपीची. ही लिपी एका सरळ रेघेवर उभी असते आणि शब्द संपला तरी रेघ चालूच राहते. त्यामुळे बहुतेक फाँटमध्ये तिथली रिकामी जागा चक्क रेघ म्हणून दिसते. गंमत म्हणजे लॅटिन लिहिताना शब्दांत अंतर सोडण्याची सवय युरोपला लावली, तीही आयर्लंडच्या मठांतल्या भिक्षूंनीच. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती, म्हणून सलग लिहिलेलं वाचताना त्यांची दमछाक व्हायची.

आकड्यांतला स्वल्पविराम

शेवटचा सापळा आकड्यांचा. आपण १,००,००० लिहितो, इंग्रज १००,००० लिहितात, जर्मन १००.००० लिहितात आणि फ्रेंच मधे स्पेस सोडतात. दशांश चिन्ह म्हणून इंग्रजीत टिंब, तर जर्मन, स्पॅनिश, फ्रेंचमध्ये स्वल्पविराम. मग इंग्रजीतून जर्मनमध्ये नेणाऱ्या यंत्रात नियम लिहायचा: दोन आकड्यांमधलं टिंब दिसलं की त्याचा स्वल्पविराम कर. किती सोपं! पण सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आकडा टिंबासह तसाच राहायला हवा. कायद्यातल्या पोटकलमाचा क्रमांकही. आपली वर्तमानपत्रं 'सायं. ५.३०' लिहितात, तिथे ते टिंब घड्याळाचं आहे. आणि 'भारतानं १९.४ षटकांत सामना जिंकला' यातलं टिंब तर दशांशच नव्हे. १९ षटकं पूर्ण आणि वर ४ चेंडू, एवढाच त्याचा अर्थ. तिथे १९.५ नंतर थेट २० येतं. अशा वाक्यासाठी नियम लिहिणाऱ्याला आधी क्रिकेट कळायला हवं.